वाळत घातलेली माळ

लेथ बंद न करताच जयराजनं फोन कानाला लावला. पलीकडून मामेभाऊ जोतीराम म्हणाला, "जया, आत्ती कवा गेली रं?" आणि जयराजनं, स्वतःच्या सख्ख्या आईबद्दल, उलट त्यालाच विचारलं, "कवा?"

"तूच मला इचारतोयस व्हय?" जोतीराम तापला. "अरं तुझ्या बायकूच्या व्हिडिओत धडधडीत दिसतंय की. फोटूला हार घातलाय. खाली माणसांनी हात जोडल्यात, श्रद्धांजली लिवलीया. आमास्नी एक फोन कराय तुझं काय जात हुतं? परकी हाय व्हय आमी?"

जोतीराम 'व्हिडिओ' म्हणेपर्यंत दोन-चार श्वास गेले असतील नसतील. पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं. पोटात खड्डा पडला, डोळ्यांपुढं अंधारी आली, असलं काही झालं नाही. डोक्यावरची पाटी कुणीतरी मागून येऊन अलगद उतरवून घ्यावी तशी मान हलकी झाली. गेलेल्या माणसाला आपल्यात 'सुटली बिचारी' म्हणतात. जयराजच्या मनात आलं ते 'सुटलो' असं आलं. आणि त्याच्या मागोमाग कामं रांगेत उभी राहिली. साहेबाला सांगायचं, साताऱ्याची गाडी बघायची, घराची किल्ली शेजारी कुणाकडं असते ते आठवायचं, भटजी, सावडणं. अवघड कामं, पण सगळी एकदाच करायची आणि संपणारी. कितीतरी महिन्यांत त्याला असं मोकळं, सरळ काही सुचलं नव्हतं. मग जोतीरामचं हार-व्हिडिओ डोक्यात शिरलं, आणि उतरलेली पाटी परत जागच्या जागी येऊन बसली. आता ती आधीपेक्षा जड होती, कारण ती उतरली की कसं वाटतं ते कळलं होतं.

"आरं मशीन चालू हाय!" शेजारच्या लेथवरनं सिद्धू ओरडला आणि त्यानंच हात लांब करून खटका पाडला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोण न्हाई."

"मग असा खांबावानी का हुबा हायस? पाणी पी गड्या."

खंडेनवमीला मशिनींना घातलेल्या झेंडूच्या माळा अजून तशाच होत्या. सांगलीजवळ कुपवाडच्या त्या शेडमध्ये पत्र्याखाली ऑक्टोबरचं ऊन नुसतं साचून राहतं. फुलं करपून काळी पडलेली, त्यांच्यावर ऑइलचे शिंतोडे. जयराज त्या माळेकडं बघत होता आणि हळूहळू त्याला सगळं उलगडत गेलं. त्यानं जोतीरामला सांगितलं की तसं काही नाही, बायकोच्या हातनं चूक झालीय, आई बरी आहे. मग ती बरी आहे हे आपल्याला तरी कुठं माहीत आहे, म्हणून त्यानं आईला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. परत लावला. परत तेच. सिद्धू डब्याचं झाकण उघडत म्हणाला, "म्हातारी माणसं फोन इकडं, आपण तिकडं. माझा आज्जा तर फोन मेंढरामागं न्यायचा आन झाडाला अडकवून यायचा." जयराज हसला नाही. अर्धी रजा टाकून त्यानं गाडी काढली.

आता फोटोवरल्या त्या माळेची गोष्ट अशी. जयराजची बायको शिवांजली घरगुती काटकसरीचे व्हिडिओ करायची. खाजगी क्लासमधली नोकरी सुटल्यावर विश्रामबागेतल्या त्या दोन खोल्यांत दिवस खायला उठायला लागला, तेव्हा सुरुवात झाली. प्रत्येक व्हिडिओ 'टाकू नका!' असं म्हणून चालू व्हायचा. लिंबाच्या साली टाकू नका, वाळवून दळा, भांडी लख्ख निघतात. साबणाच्या चिपट्या टाकू नका, जुन्या मोज्यात भरा, बेसिनजवळ टांगा. चहाचा चोथा टाकू नका. दुधाची पिशवी विसळल्याशिवाय टाकू नका, ते पाणी चहात घाला. बायकांना आवडायचं. पण व्हिडिओत अर्ध्या मिनिटात संपणारी गोष्ट घरात पंधरा दिवस वाळत असायची. जयराज रात्रपाळी करून यायचा तर पलंगावर संत्र्याच्या साली, खिडकीत अंड्याची टरफलं, पंख्याखाली कांद्याचे पापुद्रे, आणि ह्या सगळ्याचा मिळून एक आंबूस, कडवट, देवळामागच्या निर्माल्यासारखा वास. बसायचं झालं तर आधी काहीतरी उचलावं लागायचं. त्याला वाटायचं, आपण घरात राहत नाही, एका मोठ्या बरणीत राहतो. कुणीतरी कधीतरी उपयोगी पडेल म्हणून आपल्यालाही ठेवून दिलंय.

आणि ह्या सगळ्या युक्त्या शिवांजलीच्या नव्हत्याच. त्या होत्या तिच्या सासूच्या, लीलाबाईंच्या. जयराजचे वडील लष्करातनं हवालदार होऊन निवृत्त झाले, मग अर्धांगाचा झटका येऊन साताऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं पडून राहिले. लीलाबाईंनी त्यांचं सगळं अंथरुणात केलं. ते गेल्यावर जयराजनं आईला सांगलीला आणलं. तिनं येताना दोन फोटो आणले. एक वडलांचा, चंदनाचा हार घातलेला. दुसरा तिचा स्वतःचा, तसलीच फ्रेम, तेवढाच मोठा. "दोन केलं की स्टुडिओवाला कमी घेतो," ती म्हणाली होती. "आन पुढं तुमची धावपळ नगं. गडबडीत तुमी आधार कार्डावरला फोटू मोठा करचाल, त्यात मी चोरावानी दिसते." स्वतःच खिळा ठोकून तिनं स्वतःचा फोटो वडलांच्या शेजारी लावला. शिवांजली तेव्हा तोंडाला पदर लावून हसली होती. तेव्हा त्या दोघी हसायच्या.

दसऱ्याच्या चार माळा दारावरनं उतरवल्यावर शिवांजलीनं त्या वाऱ्याला वाळत घातल्या. पडद्याच्या दांडीपासनं वडलांच्या खिळ्याला, तिथनं सासूच्या खिळ्याला, तिथनं शोकेसच्या कडीला. आणि समोर उभी राहून व्हिडिओ केला, 'दसऱ्याची माळ टाकू नका!' फ्रेमात नेमका लीलाबाईंचा फोटो आला, आणि काचेवरनं गळ्याखाली लोंबणारा पिवळाधमक झेंडू.

जयराज घरी पोचला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. डोळे सुजलेले. माळ अजून तिथंच.

"आईच्या फोटोला हार घालतेस?" तो म्हणाला. त्याला ओरडायचं होतं, पण आवाज थकलेला निघाला.

"अहो, हार कशाला घालीन मी? वाळत घातलीया ती."

"फोटोवर?"

"फोटोवर न्हाई, खिळ्यावर. फोटो खिळ्याला हाय म्हणून मधी आला."

"मग काढून टाक तो व्हिडिओ."

"काढला तर लोकं म्हणणार, बघा, खरंच गेल्यात म्हणून काढला." तिनं नाक पुसलं. मग खालच्या मानेनं म्हणाली, "एवढी माणसं आजपातूर कुठल्याच व्हिडिओला आली नव्हती." हे बोलल्यावर तिलाच ते ऐकू आलं असावं. "मी आत्यांना फोन लावला. उचलत न्हाईत."

सासूला आत्या म्हणायची तिच्या माहेरची रीत. जयराजनं तिच्याकडं नीट बघितलं. तिनं आईला फोन लावला, ही दोन वर्षांतली पहिलीच वेळ होती.

"तुमी जावा," ती म्हणाली. "आन एवढुसा व्हिडिओ घेऊन या. नुसतं 'मी बरी हाय' म्हणाल्या तरी पुरे. मी लगेच लावते. माझं त्यांना बोलायचं तोंड न्हाई."

म्हणजे परत तोच. ह्या बाईचं त्या बाईला आणि त्या बाईचं ह्या बाईला पोचवणारा. साताऱ्याच्या एस.टी.त खिडकीजवळ बसून जयराज फोन लावत राहिला. इस्लामपूर गेलं, पेठ नाका गेला, दोन्ही बाजूंनी ऊस आणि उसात शिरणारं तिरकं ऊन, आणि कानात ती रिंग. मनाचं काही खरं नसतं. दुपारीच जोतीरामला 'आई बरी आहे' म्हणून ठणकावून सांगणारा तो, आता त्याला वाटायला लागलं, कशावरनं? फोटोला हार पडला, बातमी आधी गेली आणि माणूस मागनं. तिच्या घरात न्हाणीची फरशी गुळगुळीत आहे. रात्री ती एकच दिवा लावते, तोही मधल्या खोलीत. 'दोन खोल्यांला एक उजेड पुरतो, दार उघडं ठिवायचं.' ही युक्तीसुद्धा व्हिडिओत येऊन गेली होती. लोकांनी वा वा केली होती. त्या अर्ध्या उजेडात एक एकटी बाई चालते, हे कुणाच्या मनात आलं नाही. त्याच्याही नाही.

ती सांगलीत दीड वर्ष राहिली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. लीलाबाई काही टाकायच्या नाहीत. तुपाचे डबे, दोऱ्याची रिळं, पिशव्यांच्या घड्या, आणि एक मोठं गाठोडं, त्यात जुन्या साड्या आणि वडलांचे शर्ट, गोधडीसाठी पट्ट्या करून ठेवलेले. दोन खोल्या त्या. शिवांजली तेव्हा नोकरी करायची, दमून यायची, आणि कपाट उघडलं की डोक्यावर डबा पडायचा. एक दिवस लीलाबाई डोळे तपासायला गेलेल्या असताना तिनं भंगारवाल्याला वर बोलावलं. जयराज घरातच होता. गाठोडं जड होतं, जिन्यातनं त्याला एकट्याला नेता येईना, म्हणून दुसरं टोक जयराजनं धरलं. लीलाबाई आल्या, कपाट उघडलं, बंद केलं. "बरं झालं, जागा झाली," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी, साताऱ्याच्या घराला जरा वारं लागाय पाहिजे म्हणून गेल्या, त्या गेल्याच. फोटो तेवढा राहिला. आणि मग शिवांजलीची नोकरी सुटली, आणि जिनं सासूचं गाठोडं बाहेर काढलं तीच आरशासमोर 'टाकू नका' म्हणायला शिकली. सुरुवातीला आठवेल तेवढं तिनं केलं. आठवणी संपल्यावर म्हणायची, "अहो, आत्या तांदळाला कीड लागू नये म्हणून काय करायच्या? विचारा की जरा. माझं नाव नका सांगू." मग जयराज फोन लावायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, आणि मग जणू सहज आठवल्यासारखं, आई, ते तांदळाचं काय गं? ती सांगायची. सविस्तर सांगायची. बोरिक पावडर नगं, कडुनिंबाचा पाला, पण सावलीत वाळवलेला. तिचा आवाज तेव्हा जरा चढायचा, भरायचा. तिला कळत असेल का हे कुठं जातंय? त्यानं कधी विचारलं नाही. त्याला वाटायचं दोघींचं असंच परस्पर चालू आहे तेवढं चालू दे. पण दर फोननंतर त्याला अंगावर घाण पाणी पडल्यासारखं व्हायचं. आईच्या घरातनं एकेक वस्तू चोरून आणतोय असं. एकदा तिनं युक्ती सांगून झाल्यावर विचारलं होतं, "तू कवा येतोस?" आणि त्यानं ते ऐकूच आलं नाही असं केलं.

कऱ्हाडला गाडी बराच वेळ थांबली. शेजारच्या माणसानं विचारलं, "कुणी आजारी हाय का? सारखा फोन लावताय." जयराज म्हणाला, "न्हाई, घरीच लावतोय." आणि त्याला त्या दुपारच्या दोन-चार श्वासांची परत आठवण झाली. खरं म्हणजे ती आठवण एवढा वेळ गेलीच नव्हती, नुसती बाजूच्या सीटवर बसून होती. समज तिथं गेल्यावर खरंच काही झालेलं असलं, तर मग काय होईल? तेव्हाही आधी तेच येणार का? त्यानं स्वतःला चाचपून बघितलं, दुखरा दात जिभेनं चाचपावा तसं. दुखत होतं. पण दुखण्याच्या खाली ते हलकंही होतं. मेलं नव्हतं ते.

साताऱ्यात दिवेलागण झाली होती. गोडोलीच्या त्या बोळाच्या तोंडाशी त्यानं रिक्षा सोडली, आणि लांबूनच दिसलं की आईच्या घराचं दार सताड उघडं आहे, दोन्ही खोल्यांत दिवे आहेत, आणि पायरीपाशी चपलांचा ढीग पडलाय. बायकांच्या, पुरुषांच्या, गडबडीत उलट्यासुलट्या काढलेल्या. अशा चपला एकाच कारणानं पडतात. भिंतीला हात टेकून तो उभा राहिला आणि त्याला पुढं जाववेना. कुणीतरी नाक शिंकरलं. मग आतनं आवाज आला, खणखणीत, "आगं बनुबाई, साखर घालू का न्हाई? शुगर हाय म्हणालीस नव्हं गेल्या साली?"

तो दारात गेला. खोलीत सात-आठ माणसं भिंतीला टेकून बसलेली, तोंडं सुतकी करावीत का हसरी हे न कळल्यासारखी. मधे लीलाबाई, कंबरेला पदर खोचून, हातात चहाचं ताट.

"ह्यो बघा आला कर्ता मुलगा," ती म्हणाली. "ये. तुझाच चहा उरलाय. माझ्या सुतकाचा चहा सकाळपासनं मीच पाजतीया."

बनुबाई, लांबच्या नात्यातली म्हातारी, तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळ्यांतनं पाणी काढत होती. "आवं, आमी रडतच आलो बोळातनं. आन दार कुणी उघडावं? हिनंच! माझ्या मालकांनी तर हात जोडलं, म्हणालं, लीलाबाई, आमाला नेऊ नगा."

"आता आयुष्य वाढतंय बघा," एक गृहस्थ म्हणाले. "खोटी बातमी उठली की माणूस लय जगतंय."

"म्हंजी आजून जगायचं आलं," लीलाबाई म्हणाल्या, आणि कप गोळा करायला लागल्या. सगळे हसले. त्या हसण्यात तिचं हसणं नव्हतं हे जयराजला दिसलं. तिची पाठ सकाळपासनं उभी असणाऱ्या माणसाची होती.

माणसं गेल्यावर तिनं आधी पुढच्या खोलीतला दिवा घालवला.

"फोन का उचलत न्हाईस?"

"कुणाकुणाला सांगू, मी हाय म्हणून? उशीखाली घालून ठिवला." तिनं उशी उचलून फोन काढला, पदरानं पुसला, फळीवर ठेवला. मग समोर पाटावर बसली. "तुला कुणी सांगितलं?"

"जोतीरामचा फोन आला."

"मग? काय वाटलं रं तुला?"

एवढं साधं विचारलं. भूक लागली का, असं.

"काय वाटणार," जयराज म्हणाला. "पायच गळालं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. लहानपणी तो शाळेतनं लवकर घरी येऊन पोट दुखतंय म्हणायचा, तेव्हा ती असंच बघायची. तेव्हाही ती काही बोलायची नाही, ओवा द्यायची.

"व्हिडिओ कराय लावला आसंल की शिवांजलीनं," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"आरं, मी रोज बघती तिला. समदं माझंच मला ऐकवती. पर बोलती ग्वाड. मी सांगाय गेले की भांडाण वाटतंय, तिनं सांगितलं की समद्यास्नी पटतंय." ती उठली, आत गेली, केस सारखे करून, घडीची साडी नेसून आली. मधल्या खोलीत दिव्याखाली खुर्ची ओढली. "कर चालू. लाल ठिपका आला की सांग. हनुवटी वर घेऊ का खाली?"

जयराजनं फोन धरला. पडद्यावर ती बारीक दिसत होती, आणि जास्त म्हातारी.

"नमस्कार. मी लीलाबाई. जित्ती हाय, बघून घ्या. फोटूला हार न्हाई घातला कुणी, माळ वाळत घातलीया. सून माझी कामाची हाय, पर ह्यात चुकली. वला झेंडू भिंतीला लावू नये, भिंत पिवळी हुती. पाकळ्या सुट्ट्या करायच्या, सुपात घालायच्या, सावलीत." ती थांबली. जयराजला वाटलं संपलं, त्यानं अंगठा पुढं नेला, पण तिनं हातानं थांब अशी खूण केली. "आता दुसरं. शिवांजली, हे तुला. आई गेली म्हणून फोन आला तवा जयाला जरा हलकं वाटलं आसंल. त्यो सांगायचा न्हाई. त्याला बोलू नगंस. ह्याचं वडील गेलं तवा समदं घर रडत हुतं, आन मला झोप येत हुती. आठ वर्सं रात्री उठून कूस बदलली त्यांची. मला वाटलं, आता झोपाय मिळंल. तिथंच भिंतीला टेकून मी झोपले बी. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. धक्का कशाचा, झोप हुती ती. लय ग्वाड लागली. उठल्यावर मग रडले. अजून रडते. दोन्ही आसतंय माणसात. एकानं दुसरं खोटं पडत न्हाई. बास. बंद कर."

जयराजनं अंगठ्यानं व्हिडिओ बंद केला. खोलीत कुठंतरी पाल चुकचुकली. त्याला बोलायचं होतं, तसं नाही गं आई, एवढंच, पण ते खोटं होतं आणि तिनं खोट्याला जागाच ठेवली नव्हती.

"हे कसं दाखवायचं लोकास्नी?" शेवटी तो म्हणाला. "परत घेऊ. नुसतं मी बरी हाय म्हण."

"एकदा सांगितलं की, हाय म्हणून. परत परत कोण जित्तं हुतंय रं?" ती उठली, घडीची साडी सोडायला आत गेली. जाताजाता म्हणाली, "लोकास्नी पयलं अर्धं दाव. तिला समदं."

तो खुर्चीत बसून राहिला. शिवांजलीचे चार मेसेज आले होते. भेटल्या का? बऱ्या आहेत का? झाला का व्हिडिओ? काही म्हणाल्या का मला? त्याला वाटलं, दुसरं अर्धं कापून टाकावं. कुणाला कळणार आहे. कापायला येतं त्याला, शिवांजलीनंच शिकवलंय. दुपारपासनं जी गोष्ट फक्त त्याच्या बरगड्यांत होती ती आता ह्या यंत्रात होती, आणि बायकोला दिसली तर आयुष्यभर जेवताना, भांडताना, कधीही दिसणार होती. ती हसेल का, घाबरेल का, की एखाद्या दिवशी म्हणेल, मी गेले तर पण असंच वाटेल ना तुम्हाला? खूप थकायला झालं होतं. लपवायला जेवढी ताकद लागते तेवढी उरली नव्हती, हेच खरं कारण असेल. त्यानं व्हिडिओ होता तसा, सगळा, तिला पाठवला आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

आईनं आत स्टोव्हवर पाणी ठेवल्याचा आवाज आला. मग फळीवरचा फोन वाजला. त्याचा नव्हे, तिचा.

लीलाबाई ओले हात पुसत आल्या. पडद्यावरचं नाव लांब धरून वाचलं. त्याच्याकडं बघितलं नाही. फोन खांद्यात आणि कानात धरून त्या परत आत गेल्या.

"हं. बोल." मग नुसता स्टोव्हचा आवाज. "ऐकतीया. ... रड, रड, मग बोल." डब्याचं झाकण वाजलं. "न्हाई गं, राग कशाचा. शर्ट तेवढं ठिवाय पायजे हुतंस. ... व्हय. ... व्हय, ठावं हाय मला, जागा न्हाई." आवाज खाली गेला, जयराजला शब्द कळेनात. मग स्पष्ट आलं, "यीन म्हणत न्हाई मी. तूच ये की हितं. सकाळच्या गाडीनं ये. चार दिस ऱ्हा. मी सांगत बसते, तू काय ते लिवून घे न्हाईतर व्हिडिओ काढ. पर मधी त्याला घालू नगंस. त्यो दमलाय."

त्यो दमलाय. कुणीतरी हे शब्द त्याच्याबद्दल बोललं होतं. जयराज अंधाऱ्या पुढच्या खोलीकडं तोंड करून बसला. त्या दोघींना आपणच तोलून धरलंय, असं इतकी वर्षं त्याला वाटत होतं. आत त्या बोलत होत्या आणि त्याचं नाव आता त्यात येतही नव्हतं. ह्याचं बरं वाटायला हवं होतं. वाटत होतंही, पण दुपारचं ते हलकेपण आणि हे हलकेपण दिसायला अगदी सारखं होतं, आणि त्याला त्याचीच भीती वाटली.

मांडीवरचा फोन थरथरला. अनोळखी नंबर.

"जयराज का? मी उंब्रजहून बोलतोय, तुझ्या वडलांच्या पलटणीतला. आत्ताच कळलं रे. वहिनी..."

"न्हाई," जयराज म्हणाला. "आवं न्हाई काका, तसं काय न्हाई. आई हाय."

"आहे? पण ते फोटोला..."

"माळ वाळत घातली हुती. चूक झाली."

पलीकडचा माणूस म्हातारा होता, त्याला नीट ऐकू येत नसावं. "म्हणजे नक्की आहेत ना रे बाळा? मी गाडीत बसायला निघालोय."

"थांबा," जयराज म्हणाला. "बघून सांगतो."

तो उठला आणि आतल्या दारात जाऊन उभा राहिला. लीलाबाई पाठमोऱ्या होत्या, फोन खांद्यात धरलेला, मान वाकडी. वाटीनं तांदूळ मोजून परातीत घालत होत्या. वाटी पालथी करून त्या थांबल्या, आणि मग परत डब्यात हात घालून वरनं मूठभर घातले.

"हाय," तो फोनात म्हणाला. "हितंच हाय."